वाचकांचे प्रश्न : मातीचे धरण पूर किती अडवते?

सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे धरणांविषयीची आहेत. गेवराई, पैठण, बीड, औसा, कळमनुरी, गंगाखेड अशा ठिकाणांहून ती आली आहेत. काहींत राग आहे, काहींत भीती आहे, आणि दोन पत्रांत तर धरणाच्या पायथ्याशी स्वतः पाहिलेल्या गोष्टींची नोंद इतकी नेमकी आहे की आमच्या खात्यातल्या कित्येक तपासणी अहवालांत ती तशी सापडली नसती. मातीच्या धरणांच्या बांधकामावर आणि देखभालीवर माझी नोकरीची सारी वर्षे गेली. त्या अनुभवावरून मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : पैठणला नाथसागर झाला तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना सांगितले गेले होते की आता गोदेच्या पुराची काळजी नको. तरीही २००६ मध्ये आणि त्यानंतरही आमच्या शिवारात पाणी शिरले. धरणच पाणी सोडते आणि धरणच पूर आणते, असे गावात सगळे म्हणतात. पावसाआधी धरण रिकामे का ठेवत नाहीत? — एक शेतकरी, गेवराई तालुका

तुमच्या वडीलधाऱ्यांना जे सांगितले गेले ते अर्धे खरे होते, आणि उरलेले अर्धे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. त्यामागचा मुख्य हेतू सिंचनाचा होता. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा कालवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे, यावरूनच हे धरण कोणासाठी बांधले ते कळते. जलाशयाची एकूण क्षमता १०२ टीएमसींहून (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) थोडी अधिक असून त्यात सुमारे २६ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे वापरता येणारे पाणी ७६ टीएमसींच्या थोडे वर. सिंचनासाठी बांधलेल्या आपल्याकडच्या बहुतेक धरणांत पुरासाठी म्हणून वेगळा राखून ठेवलेला कप्पा नसतो. जलाशयात जी जागा त्या दिवशी रिकामी असेल तेवढाच पूर धरण पोटात घेते. त्यामुळे जुलैत आलेला पूर ते सहज गिळते आणि तोच पूर सप्टेंबरच्या अखेरीस आला तर त्याच धरणाला तो पुढे सोडून द्यावा लागतो.

हा हिशेब प्रत्येक गोदाकाठच्या माणसाला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडा सविस्तर मांडतो. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट पाणी, आणि ते चोवीस तास वाहिले तर ८.६४ टीएमसी होते. नाथसागराचा पसारा पूर्ण भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास असतो, त्यामुळे वरच्या थरातील एक फूट उंची म्हणजे साधारण पावणेचार टीएमसी पाणी. धरण पूर्ण भरायला एक फूट बाकी असताना वरून एक लाख क्युसेक आवक सुरू झाली, तर सर्व दारे बंद ठेवूनही ती एक फूट जागा दहा-अकरा तासांत संपते. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक विसर्ग झाला होता. तेवढी आवक असेल तर हीच एक फूट जागा जेमतेम चार तास पुरते, आणि वापरता येणारा सगळाच्या सगळा साठा रिकामा ठेवला असता तरी तो साडेतीन दिवसांत भरून गेला असता. धरणाच्या वर २१,७५० चौरस किलोमीटरांचे पाणलोट क्षेत्र आहे. नाशिक आणि अहिल्यानगरच्या घाटमाथ्यापासून येणारे हे पाणी तीन दिवसांत थांबत नाही.

आता धरण रिकामे ठेवण्याविषयी. मराठवाड्यात वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही दर वर्षी येईलच असा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही गोष्ट आपण कोणीच विसरलेलो नाही. पावसाळा संपताना जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा नियम करावा लागला आणि त्यासाठी न्यायालयापर्यंत भांडणे गेली. पुराच्या भीतीने ऑगस्टमध्ये धरण रिकामे ठेवले आणि परतीचा पाऊस आलाच नाही, तर पुढच्या मे महिन्यात जे होईल त्याची जबाबदारी कोण घेणार? यावर अभियंत्यांनी काढलेला मार्ग म्हणजे जलाशय परिचालन सूची. जून ते ऑक्टोबर या काळात कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत चढू द्यायचे हे त्यात ठरवलेले असते. सुरुवातीला पातळी थोडी खाली ठेवायची आणि पाऊस सरत येईल तसतशी वर न्यायची, असे त्याचे सूत्र असते. ही सूची पाळली तर पुराची धार काहीशी बोथट होते, आणि टंचाईचा धोकाही आटोक्यात राहतो.

धरणच पूर आणते हा समज मात्र दूर करायला हवा, कारण धरण पाणी निर्माण करीत नाही. साठा काठोकाठ असताना आवक होते तेवढे सोडले तर नदी धरण नसतानाच्या पुराइतकीच वाहते, त्याहून अधिक नाही. तरीही तुमच्या रागाला एक खरे कारण आहे. पाणी शेवटपर्यंत साठवत राहायचे आणि पातळी टोकाला गेल्यावर एकदम बरीच दारे उचलायची असे झाले, तर नदीची पातळी काही तासांत इतकी वाढते की मोटारी, गुरे आणि कडबा हलवायला वेळ मिळत नाही. पावसाचा अंदाज हाती असताना आधीच दोन दिवस वीस-पंचवीस हजार क्युसेक सोडत राहणे हे शहाणपणाचे असते. ज्या वर्षी हे केले गेले नाही त्या वर्षी गोदाकाठच्या शेतकऱ्याने जाब विचारला तर तो त्याचा हक्क आहे, असे मी या खात्यात राहूनही म्हणत आलो आहे.

आणखी एक गोष्ट. मंजरथला सिंदफणा गोदेला मिळते, पुढे दुधना आणि पूर्णा यांचे पाणी येते. या नद्यांच्या खोऱ्यांत एकाच रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला तर गंगाखेड-नांदेडकडे येणारा पूर जायकवाडीच्या हातात राहत नाही, मग पैठणची दारे बंद असोत की उघडी.

प्रश्न : दगडी धरणापेक्षा मातीचे धरण कच्चे असते का? मोठ्या पावसात आमच्याकडे दर वेळी "धरणाला धोका" असे निरोप मोबाईलवर फिरतात आणि लोक रात्रभर जागे राहतात. — एक शिक्षिका, पैठण

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग अशी कल्पना मनात असते, म्हणून भीती वाटते. प्रत्यक्षात ते थरावर थर देऊन, प्रत्येक थराला ठरावीक ओल देऊन आणि रोलरने दाबून उभे केलेले बांधकाम असते. मधोमध चिकण मातीचा गाभा असतो आणि पाणी अडवण्याचे मुख्य काम तोच करतो. हा गाभा जमिनीखालीही उतरवलेला असतो. मुरूम, खडकाचे तुकडे आणि सैल थर खोदून काढून घट्ट थरापर्यंत खंदक नेतात आणि तो त्याच चिकण मातीने भरतात, म्हणजे धरणाखालून पाणी निसटत नाही. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे जाड कवच असते, ते धरणाला वजन आणि आधार देते. पाण्याकडच्या उतारावर लाटांपासून संरक्षणासाठी दगडांचे अस्तर असते. कोरड्या बाजूला वाळू-खडीची गाळणी आणि तळाशी दगडी पायथा असतो, त्यातून पाझरलेले पाणी माती सोबत न घेता बाहेर पडते. जायकवाडीचे हे मातीचे काम सांडव्यासह, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटेसह, जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे आणि अर्धशतक ते उभे आहे. आपल्या मऊ, खोल काळ्या मातीच्या प्रदेशात पाया सगळीकडे कठीण खडकाचा मिळत नाही, आणि अशा ठिकाणी मातीचे धरण हाच योग्य पर्याय असतो. ते थोडे दबते, थोडे वाकते आणि तरीही टिकते.

त्याचा एकच शत्रू असा आहे की त्याच्यापुढे ते उभे राहू शकत नाही, तो म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी धरणावरून चार फूट पाणी वाहिले तरी ते बहुधा टिकते. मातीच्या धरणावरून वाहू लागले की कोरड्या उताराची माती धुपते, घळ पडते, घळीतून प्रवाह वाढतो आणि काही तासांत भगदाड होते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरबीच्या वर असलेल्या मच्छू-२ धरणाचे असेच झाले. सांडव्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी मोठा पूर आला, पाणी मातीच्या बाजूंवरून वाहिले आणि हजारो माणसे गेली. म्हणून मातीच्या धरणात सांडवा हा धरणाचा प्राण असतो. मोठ्या धरणाचा सांडवा त्या खोऱ्यात होऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या संभाव्य पुरासाठी आखायचा असतो आणि त्याहीवर माथ्यापर्यंत काही फूट मोकळी उंची ठेवायची असते. अगदी लहान तलावाला मात्र शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा निकष लावला जातो. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात जायकवाडीची सत्तावीसही दारे उचलल्याची बातमी आली तर त्याचा अर्थ धरणाला धोका आहे असा घेऊ नका. दारे उघडणे हीच धरण वाचवण्याची रीत आहे, आणि धरण वाचले तरच खालची गावे वाचतात. पुराची व्यवस्था आणि धरणाची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे लोकांना शाळेपासून शिकवले पाहिजे, आणि आपण शिक्षिका आहात म्हणून हे आपल्याला विशेषत्वाने सांगतो.

या संदर्भात एक अनुभव सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका लहान तलावावर मी पावसाळ्यात गेलो असता सांडव्याच्या भिंतीवर लोकांनी दोन हात उंचीची वाळूची पोती रचलेली दिसली. हेतू वाईट नव्हता. उन्हाळ्यात जनावरांना दोन महिने अधिक पाणी मिळावे एवढेच त्यांना हवे होते. पण त्या तलावाची मोकळी उंची होतीच मुळी पाच-सहा फूट. तिच्यातली निम्मी उंची त्या पोत्यांनी खाल्ली होती आणि सांडव्याची वाहून नेण्याची ताकदही घटवली होती. सरपंच आणि गावकऱ्यांसोबत दोन तास बसून, काठीने मातीवर आकृती काढून समजावले, तेव्हा त्याच संध्याकाळी त्यांनी पोती स्वतः काढली. त्या रात्री मोठा पाऊस झाला नाही. झाला असता तर काय झाले असते याचा विचार मला पुढे कितीतरी दिवस सोडत नव्हता. आपल्या गावच्या तलावाच्या सांडव्यावर पोती, फळ्या, मातीचा बांध किंवा मासे अडवण्याची घट्ट जाळी दिसली तर ती कोणाची आहे हे न पाहता काढायला लावा.

प्रश्न : आमच्या बिंदुसरा धरणाच्या सांडव्याला दारेच नाहीत. मग तिथे पूर कोण नियंत्रित करते? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बीड

कोणी करीत नाही, आणि तीच त्या रचनेची खुबी आहे. दारे नसलेल्या सांडव्यावरून पाणी पूर्ण संचय पातळी ओलांडताच आपोआप वाहू लागते. पातळी जितकी वर चढेल तितका विसर्ग वाढतो, आणि दरम्यानच्या उंचीत काही पाणी तात्पुरते साठून राहते, त्यामुळे वरून येणाऱ्या पुराचे शिखर खाली पोहोचेपर्यंत थोडे ठेंगणे आणि थोडे उशिराचे होते. माणसाची चूक, वीज जाणे, दार अडकणे हे धोके तिथे नसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातील अन्नमय्या प्रकल्पाचा मातीचा बांध वाहून गेला तेव्हा त्याचे एक दार आधीपासून नादुरुस्त होते, हे लक्षात घेतले म्हणजे साधेपणाचे मोल कळते. सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहायला जाणाऱ्या मित्रांना मात्र एवढे सांगा की त्याची वाढ होण्याआधी भोंगा वाजत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या लघु तलावाच्या खालच्या अंगाला गेली दोन वर्षे ओल दिसते. पावसाळ्यात तिथे बोटाएवढी धार वाहते आणि जवळच्या शेतात पाणी साचते. तलाव फुटेल का? विचारले की "सगळेच तलाव पाझरतात" असे उत्तर मिळते. — शेतकरी, औसा तालुका

सगळेच तलाव पाझरतात हे खरे आहे, पण ते उत्तर अपुरे आहे, आणि तुम्ही त्यावर समाधान मानले नाही हे योग्य केले. पाझरणारे पाणी कसे आहे, किती आहे आणि कुठून येते, या तीन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते.

पाणी काचेच्या पेल्यात घ्या आणि तासभर ठेवा. पेल्याच्या तळाशी काही बसले नाही, तर ते पाणी माती न ओढता येत आहे. तळाशी बारीक गाळ बसला, किंवा मुळात धार गढूळ असेल, तर धरणाच्या पोटातून माती बाहेर येत आहे असे समजा. आत एक बारीक नळीसारखी वाट तयार होते, ती खालच्या टोकापासून वरच्या दिशेने पोखरत पाण्याकडे जाते, आणि जलाशयाला भिडली की थांबवणे कठीण असते. जमिनीतून पाणी बुडबुड्यासारखे उसळत असेल आणि त्याभोवती वाळूचे छोटे कडे झाले असेल, तर तो त्याहून गंभीर इशारा आहे. अशा वेळी त्या तोंडावर माती टाकून ते बुजवू नये, कारण अडलेले पाणी शेजारी दुसरे तोंड फोडते. त्याभोवती पोत्यांचे कडे उभारून पाण्याची पातळी वाढू द्यावी, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब जवळ येतो. शक्य असेल तर तोंडावर आधी वाळू आणि मग खडी असे थर द्यावेत, म्हणजे पाणी बाहेर येते आणि माती आत राहते. हे तात्पुरते उपाय झाले; अभियंता त्याच दिवशी पोहोचला पाहिजे.

धारेचे माप घ्या. ठरावीक बादली किती सेकंदांत भरते ते दर आठवड्याला एकाच ठिकाणी पाहून वहीत लिहा, आणि त्याच दिवशी तलावातले पाणी सांडव्याच्या भिंतीपासून किती हात खाली आहे तेही लिहा. पाणी चढले की धार थोडी वाढणे स्वाभाविक आहे. पाणी तेवढेच असताना धार वाढली तर काळजीचे कारण आहे, आणि धार अचानक थांबली तर तेही चांगले लक्षण मानू नये. मोठ्या धरणांवर हेच काम व्ही-नॉच (धार मोजण्याची खाच) आणि पायझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारे साधन) लावून करतात; तुमची बादली आणि वही त्याच जातीची साधने आहेत.

धार कुठून येते हे सर्वांत महत्त्वाचे. ती पाणी सोडण्याच्या नळीच्या, म्हणजे विमोचकाच्या भिंतीलगत येत असेल तर मी एक दिवसही वाट पाहणार नाही, कारण दगडी किंवा काँक्रीटच्या कामाला माती जिथे चिकटलेली असते ती प्रत्येक मातीच्या धरणाची नाजूक जागा असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यावर जो प्रसंग आला त्यातही धरणाचे काम अपुरे असताना पाणी चढले आणि विमोचकाच्या भागातला भराव खचला होता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही गळतीबद्दल लोक आधीपासून सांगत होते. तुमच्यासारख्या माणसाचे सांगणे वेळेवर ऐकले गेले असते तर, हा विचार त्या बातमीनंतर माझ्या मनातून गेला नाही.

तुम्ही पत्रात उतारावरच्या वेड्या बाभळींचा आणि घुशींच्या बिळांचा उल्लेख केला आहे. दोन्ही काढून टाकण्याच्या गोष्टी आहेत. झाड हिरवे असताना त्याची मुळे माती धरतात असे वाटते. ते वाळले किंवा तोडले की मुळे कुजतात आणि बंधाऱ्यात पोकळ नळ्या राहतात. म्हणून झाडे लहान असतानाच उपटावीत. मोठ्या झाडाच्या बाबतीत बुंधा व मुळे काढून तो खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो, आणि ते काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. गवत मात्र ठेवा, ते धूप थांबवते. ओलीच्या जागी पाणकणीस उगवले असेल तर ते उपटण्याआधी त्याची जागा टिपून घ्या, कारण पाझर कुठे आहे हे ते फुकटात दाखवते.

प्रश्न : २०१५-१६ च्या दुष्काळात आमचा तलाव पूर्ण आटला होता आणि बांधाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आम्ही तेव्हा गाळही काढला. पुढे पाणी भरले. त्या भेगांचे काय झाले असेल? — औसा तालुक्यातूनच दुसरे पत्र

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मराठवाड्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून फाटते. तलाव दोन-तीन वर्षे कोरडा राहिला तर गाभ्याच्या वरच्या भागातली ओल उडते आणि माथ्यापासून खाली भेगा जातात. हळूहळू पाणी भरत गेले तर माती फुगून बऱ्याच भेगा बुजतात. दुष्काळानंतरच्या वर्षी एका रात्रीत तलाव भरला, तर फुगायला वेळ मिळण्याआधीच पाणी त्या भेगांतून वाट काढते. म्हणूनच दुष्काळ सरताना येणारे पहिले मोठे पाणी मला नेहमी अधिक धास्तीचे वाटते. भेगा दिसल्या तर त्या वरवर मातीने झाकू नयेत; फाट संपेपर्यंत चर खोदून, योग्य ओल देऊन, दाबत वर आणावी लागते.

गाळाविषयी सांगायचे तर गाळमुक्त धरण योजनेत गाळ शेतात गेल्याने साठाही वाढला आणि जमीनही सुधारली, यात शंका नाही. परंतु पाण्याकडच्या उताराच्या अगदी पायथ्याशी साचलेला बारीक गाळ पाझर रोखणाऱ्या गोधडीसारखा काम करीत असतो आणि उताराच्या टाचेला आधारही देतो. तिथे पोकलेन घालून खड्डा केला तर धरणाला दुहेरी अपाय होतो. कोरड्या बाजूला पायथ्यालगत मुरूम उचलणे किंवा विहीर खोदणे यालाही हेच लागू आहे.

तलाव घाईने रिकामा करण्याविषयीही इथेच सांगतो. पाण्याकडचा उतार पाण्याने भिजलेला असतो. बाहेरचे पाणी झपाट्याने उतरवले तर आत अडकलेले पाणी उताराला बाहेर ढकलते आणि तो घसरतो. "दोन दिवसांत धरण रिकामे करा" अशी मागणी होते तेव्हा अभियंता नाही म्हणतो, त्यामागे हे एक कारण असते. दुसरे असे की सांडव्याच्या माथ्याखालचे पाणी दारांतून जातच नाही, ते कालव्याच्या विमोचकातूनच सोडावे लागते आणि ती वाट अरुंद असते.

प्रश्न : मार्च आणि जुलै २०२४ मध्ये आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसले. सिद्धेश्वर आणि इसापूर ही धरणे जवळ आहेत. किल्लारीसारखा भूकंप झाला तर? — एक वाचक, कळमनुरी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती, आणि त्यातले बहुतेक बळी दगड-मातीच्या जड भिंतींची घरे कोसळून गेले. जवळच माकणीचा निम्न तेरणा जलाशय असल्याने त्याचा भूकंपाशी संबंध आहे का यावर शास्त्रज्ञांत खूप चर्चा झाली आणि एकमत झालेले नाही. पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला तो भाग पुढे तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला. नीट दाबलेले मातीचे धरण मध्यम धक्के सहन करते, कारण ते लवचीक असते. खरा धोका असतो तो माथा खचून मोकळी उंची कमी होण्याचा, लांब भेगा पडण्याचा आणि पायातली सैल, पाण्याने भरलेली वाळू ढिली होण्याचा. म्हणून धक्क्यानंतर लगेच माथ्याची पातळी मोजणे, भेगांची पाहणी करणे, पाझराचे माप घेणे आणि दारे सरळ उचलली जातात का ते पाहणे आवश्यक असते. २०२४ च्या धक्क्यांएवढ्या हादऱ्याने सुस्थितीतल्या धरणाला बाधा होईल असे मला वाटत नाही.

प्रश्न : तक्रार कोणाकडे करायची? — अनेक वाचक

तलावाची मालकी आधी पाहावी. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि मध्यम व मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे असतात. डिसेंबर २०२१ मध्ये धरण सुरक्षितता अधिनियम लागू झाला. पंधरा मीटरहून उंच सर्व धरणे आणि दहा ते पंधरा मीटर उंचीची ठरावीक धरणे त्याच्या कक्षेत येतात. त्यांच्या मालकावर पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करण्याचे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्याचे बंधन आहे. लहान गावतलाव या कायद्याबाहेर राहतात, आणि माझ्या मते मराठवाड्यातला खरा धोका त्यांच्यातच अधिक आहे, कारण तिथे ना चौकीदार असतो ना नोंदवही. तक्रार लेखी द्यावी, तारीख-वार असलेले छायाचित्र जोडावे आणि ग्रामसभेत ठराव करून त्याची प्रत तहसील कार्यालयात द्यावी. गढूळ धार, उसळणारे पाणी, उताराचा खचलेला भाग किंवा माथ्यावर नवी लांब भेग दिसली तर कागदाची वाट न पाहता जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे आणि खालच्या वस्तीला उठवावे.

प्रश्न : "विसर्ग एक लाख क्युसेक" असा निरोप मिळतो. त्यावरून आमच्या मळ्यात पाणी येईल की नाही हे कसे कळावे? — शेतकरी, गंगाखेड तालुका

निरोपातला आकडा तुमच्या बांधापर्यंत आणून सोडला जात नाही, ही यंत्रणेची उणीव आहे. नदीकाठी निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. ती नकाशावर आखलेली असली तरी शिवारात कुठेच दिसत नाही. तुम्ही ती स्वतः तयार करू शकता. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरीपासून ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रसपर्यंत बंधाऱ्यांची माळ आहे, आणि प्रत्येक बंधाऱ्याची दारे वेळेवर उघडली की नाही यावरही तुमच्याकडची पातळी बदलते. त्यामुळे जायकवाडीचा विसर्ग आणि तुमच्या जवळच्या बंधाऱ्याचा विसर्ग असे दोन्ही आकडे टिपावेत. त्या दिवशी पाणी गावच्या घाटाच्या कितव्या पायरीला, कोणत्या झाडाला, कोणाच्या विहिरीच्या कठड्याला लागले ते रंगाने खूण करून तारखेसह लिहून ठेवावे, आणि निरोप मिळाल्यापासून पाणी पोहोचायला किती तास लागले तेही नोंदवावे. गेल्या सप्टेंबरचे पाणी कुठवर आले होते हे आज सर्वांना आठवते आहे. ती खूण पुसट होण्याआधी, या उन्हाळ्यातच, मंदिराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पहिली रेघ ओढून घ्यावी.